रक्तक्षय नेमका कुणाला? जात, वर्ग, गाव एकत्र धरणारी बहुस्तरीय मॉडेलं

रानजाई (धागाकर्ती)
रविवार, रात्री ९:४०

सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) रक्तक्षयाचा विदा (डेटा) घेऊन बसले आहे. पाहणी करणारी संस्था आपल्याच गोवंडीत, देवनारला आहे, पण विदा अख्ख्या देशाचा: सात लाखांवर बायका, एक लाखावर पुरुष. १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षय ५७ टक्के, महाराष्ट्रात ५४.२. आधीच्या फेरीत हेच आकडे ५३.१ आणि ४८ होते. पुरुषांत २५ टक्के.

पण हे ५७ टक्के म्हणजे कोण? अहवाल उघडला की जातीचा एक तक्ता, संपत्तीचा दुसरा, शहर-खेड्याचा तिसरा, शिक्षणाचा चौथा. बाई मात्र या चारही तक्त्यांत एकाच वेळी असते. भूमिहीन, आदिवासी, न शिकलेली, पाड्यावर राहणारी बाई चौघींत वाटून राहत नाही.

या विचाराला इंटरसेक्शनॅलिटी हे नाव किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकन कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ साली दिलं. त्यांनी घेतलेलं एक उदाहरण असं: पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर खटला भरला. कंपनीने १९६४ पूर्वी एकही काळी बाई कामावर घेतली नव्हती, आणि मंदीत ‘शेवटी आलेले आधी बाहेर’ या नियमाने १९७० नंतर घेतलेल्या सगळ्या काळ्या बायका गेल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं, दावा वंशाचा करा किंवा स्त्री म्हणून करा, दोन्ही मिसळून नाही. बायका आहेत की कामावर (गोऱ्या), काळे आहेत की कामावर (पुरुष), मग अन्याय कुठे? दोन्ही तक्ते बरोबर, आणि त्या पाच जणी दोन्हींत नाहीत.

आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी सांगून झालंय. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं, त्यात त्यांच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे आहे. शाळेत शिकणारी मुलगी होती ती. जात, गरिबी आणि बाईपण यांचा आरोग्याशी संबंध तिने एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवला.

आता मॉडेलकडे येते. बहुस्तरीय मॉडेल वाढलं ते शिक्षणाच्या संशोधनात. मुलं वर्गात, वर्ग शाळेत. मुलाच्या गुणांतला किती फरक शाळेमुळे आणि किती मुलामुलांतला, हे वेगळं काढायचं. २०१८ साली क्लेअर इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या जागी सामाजिक गट ठेवले. लिंग, वंश, उत्पन्न, शिक्षण, वय यांच्या जोड्या लावून अमेरिकेतल्या प्रौढांचे ३८४ खण पाडले आणि प्रत्येक माणूस त्याच्या खणात बसवला. त्याच वर्षी हुआन मेर्लोंनी या रीतीची बाजू मांडली. ‘मल्टिलेव्हल अॅनालिसिस ऑफ इंडिव्हिज्युअल हेटेरोजिनिटी अँड डिस्क्रिमिनेटरी अॅक्युरसी’ या लांबलचक नावाचं लघुरूप एमएआयएचडीए.

माझे खण असे: जात ४ (अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, इतर), संपत्तीचे ५ पंचमक (गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत पाच सारखे भाग), शहर किंवा गाव, शिक्षणाच्या ४ पायऱ्या. गुणाकार १६०. पहिल्या मॉडेलमध्ये फक्त खण घालायचे आणि एचबीतला (रक्तातलं हिमोग्लोबिन, दर डेसिलिटरला किती ग्रॅम) एकूण फरक कितपत खणाखणांत आहे ते पाहायचं. दुसऱ्यात जात, संपत्ती, वस्ती, शिक्षण हे चौघे बेरजेने घालायचे आणि खणांमधला फरक किती उरतो ते बघायचं. उरेल तो नुसत्या बेरजेने न उलगडणारा.

अडचण इथेच आली. माझा खणांचा वाटा लहान निघतोय, आणि दुसऱ्या मॉडेलनंतर त्यातलंही फार थोडं उरतंय. मार्गदर्शक म्हणाले, “मग इंटरसेक्शन नाहीच, विषय बदल.” दोन रात्री झोप नाही. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाहीये.

दुपारपाऊस
रविवार, रात्री १०:२५

संख्याशास्त्र माझा विषय नाही, इंजिनिअर आहे. भाबडा प्रश्न विचारतो. १६० खण आहेत, तर प्रत्येकाची सरासरी काढून तक्ता का करत नाही? मॉडेलची गरज काय?

रानजाई
रविवार, रात्री ११:०२

भाबडा नाही, मुळातला आहे.

काही खणांत हजारो बायका असतात, काहींत दहा-बारा. श्रीमंत, शहरी, अनुसूचित जमातीची, शाळेत न गेलेली बाई किती सापडणार? दहा जणींची सरासरी दोघी आजारी निघाल्या की कोसळते. नुसता तक्ता केला तर सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली हमखास हे छोटे खण दिसतात, निव्वळ योगायोगाने.

मॉडेल छोट्या खणाला अपेक्षित पातळीकडे ओढून घेतं. किती ओढायचं ते विदावरून ठरतं. माझे आकडे तपासायचे आहेत, म्हणून कल्पित आकड्यांवर गणित दाखवते. समजा खणांमधला व्हेरिअन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) ०.१ आणि माणसामाणसांतला २.४. एका खणात १२ जणी आहेत आणि त्यांची सरासरी एकूण सरासरीपेक्षा ०.९ ग्रॅमने कमी आली. विश्वासाचा गुणक ०.१ भागिले (०.१ + २.४/१२), म्हणजे एक तृतीयांश. मॉडेल म्हणेल, सध्या ०.३ ग्रॅम कमी मानू. त्याच खणात २,४०० जणी असत्या तर गुणक ०.९९. मग जवळजवळ पूर्ण ०.९ मान्य.

नेहमीच्या रिग्रेशनमध्ये सगळ्या जोड्यांचे परस्परपरिणाम घालायचे तर १२ मुख्य आकड्यांवर आणखी १४८ आकडे काढावे लागतात. इथे त्या १४८ ऐवजी एकच व्हेरिअन्स मोजायचा.

डॉ_वैनगंगा
सोमवार, सकाळी ७:१५

गडचिरोली भागात बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे राहवत नाही.

बेटा, तुझ्या मार्गदर्शकांचं वाक्य मला घाईचं वाटतं, पण तुझ्या खणांचीही मला काळजी वाटते. अनुसूचित जमातीच्या खणात एचबी कमी येईल. का? लोह कमी, जंत, मलेरिया, लागोपाठची बाळंतपणं, हे सगळं आहेच. पण आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, नंदुरबारकडेही आहे. त्याचं एचबी लोहाच्या गोळ्यांनी वर येत नाही. तुझ्या मॉडेलमध्ये हे सगळं ‘जमात’ या एका शब्दात जमा होतं. उद्या कुणी वाचून म्हणेल, आदिवासींचं रक्तच असं. हे मी ओपीडीत शिकल्या-सवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मान खाली गेली आहे.

दुसरं, या फेरीत एचबी बोटाच्या रक्तावरून मोजलं आहे. थेंब पिळून काढला की आकडा हलतो. गर्भवतीची मर्यादा ११ आणि इतर बायकांची १२ ग्रॅम. त्यांना एकत्र करू नकोस.

तिसरा प्रश्न सरळ विचारतो. खणांचा वाटा चार-पाच टक्के असेल, तर मी दवाखान्यात जात-वर्ग पाहू की समोर आलेल्या प्रत्येक बाईचं एचबी पाहू?

उत्तरवारा
सोमवार, दुपारी १:३० (इथली सकाळ)

मी स्वीडनमध्ये माल्मोला असते. मेर्लो इथलेच, लुंड विद्यापीठाचे. डॉक्टरसाहेबांचा तिसरा प्रश्न हाच त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

ते विचारतात, गट कळला म्हणून आजारी कोण हे कितपत ओळखता येतं? गटाकडे एखाद्या चाचणीसारखं पाहा. चाचणी आजारी आणि निरोगी माणसांना वेगळं काढू शकत नसेल, तर गटांच्या सरासरीतला फरक कितीही ठळक छापला तरी त्या गटातल्या प्रत्येकावर तो चिकटवू नये. नावातला ‘डिस्क्रिमिनेटरी अॅक्युरसी’ हा भाग तिथून आला. वाटा कमी निघाला, तर कार्यक्रम सगळ्यांसाठी हवा, एका गटावर बोट ठेवून नको, असा त्यांचा रोख असतो.

इथे स्थलांतरितांबद्दल रोज ‘तुमच्या लोकांत हे जास्त असतं’ असं ऐकावं लागतं. एका दवाखान्यात माझं ऐकून घेण्याआधीच माझ्या देशावरून निदान झालं होतं. म्हणून मला हा मुद्दा मनापासून जवळचा आहे. सरासरी म्हणजे माणूस नव्हे.

रानजाई
सोमवार, रात्री ८:५०

डॉक्टरसाहेब, उत्तरवारा, तुमचं वाचून दिवसभर गणित करत होते. थोडं सापडलंय असं वाटतं.

कालचेच कल्पित आकडे घ्या. खणांचा व्हेरिअन्स ०.१, एकूण २.५. वाटा ४ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण ०.१ चं वर्गमूळ ०.३२. म्हणजे बहुतेक खण सरासरीच्या खाली-वर ०.६ ग्रॅमच्या पट्ट्यात पसरलेले. तळाच्या आणि माथ्याच्या खणांच्या सरासरीत सव्वा ग्रॅमचं अंतर! आख्ख्या गटाची सरासरी सव्वा ग्रॅमने खाली असणं ही छोटी गोष्ट नाही. १२ च्या रेषेखाली किती जणी ढकलल्या जातात ते पाहा.

तर चार टक्के दोन्ही गोष्टी सांगतात. डॉक्टरांनी समोरच्या बाईच्या जातीवरून तिचं एचबी ओळखायला जाऊ नये, कारण ९६ टक्के फरक खणाच्या आत आहे. आणि सरकारने गट विसरू नये, कारण गटांमधलं अंतर खरं आहे, मोठं आहे. एक प्रश्न दवाखान्याचा, दुसरा धोरणाचा. मार्गदर्शकांनी दवाखान्याचं उत्तर धोरणाला दिलं.

प्रा_आलेख
सोमवार, रात्री १०:१०

रानजाई, बरोबर वाटेवर आहात. आता ‘दुसऱ्या मॉडेलनंतर काही उरत नाही’ याबद्दल. मी हा विषय शिकवतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच पाहतो.

पहिल्या मॉडेलमधला खणांचा फरक म्हणजे एकूण विषमता. जातीचा, संपत्तीचा, सगळ्यांचा मिळून. दुसऱ्या मॉडेलनंतर उरतो तो फक्त बेरजेच्या वरचा भाग. आजवर छापून आलेल्या बहुतेक अभ्यासांत तो थोडाच उरतो. म्हणून विषमता थोडी, असं कसं? चार ओझी एकाच बाईच्या डोक्यावर आहेत आणि ती एकमेकांना गुणत नाहीत, फक्त बेरीज होते, एवढंच मॉडेल म्हणतंय. बेरजेनेही मान मोडते.

शिवाय बेरीज कुठल्या मापात, तेही बघा. रक्तक्षय आहे/नाही असं धरून लॉजिस्टिक मॉडेल केलंत, तर बेरीज लॉग-ऑड्सच्या मापात होते (ऑड्स म्हणजे आजार असलेल्या भागिले नसलेल्या, आणि त्याचा लॉगरिदम). समजा, काहीच अडचण नसलेल्या गटात प्रमाण १० टक्के. एक अडचण ऑड्स दुप्पट करते, दुसरीही दुप्पट. कुठलीही एक असेल तर १८ टक्के. दोन्ही असतील तर ३१ टक्के. मॉडेल म्हणेल, परस्परपरिणाम शून्य. पण टक्क्यांची साधी बेरीज २६ वर थांबते. दर शंभर बायकांमागे चार-पाच जणी वरच्या आहेत, आणि त्या मॉडेलच्या ‘शून्या’त गेल्या. आरोग्य केंद्राला बायका मोजायच्या असतात, लॉग-ऑड्स नव्हे. म्हणून प्रत्येक खणाचं प्रमाण टक्क्यांत काढून दाखवाच.

लॉजिस्टिकमध्ये माणसामाणसांतला व्हेरिअन्स ३.२९ असा ठरवून घेतलेला असतो, पायचा वर्ग भागिले तीन. शक्य असेल तर एचबी ग्रॅममध्येच ठेवा. आणि पाहणी गावागावांचे पुंजके निवडून झालेली आहे. गावाचा स्तर सोडलात तर गावाचा परिणाम खणाच्या नावावर जमा होईल. खण आणि गाव एकमेकांत बसत नाहीत, एकमेकांना छेदतात. तसंच मॉडेल करा. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत एलएमई४ या पॅकेजला जमतं.

पालावरून
मंगळवार, सकाळी ६:४०

सगळं वाचलं. एक विचारू का? या चार खणांत आम्ही कुठे?

महाराष्ट्रात वंजारी एनटी-ड, धनगर एनटी-क. केंद्राच्या यादीत दोघेही ओबीसी. तुमच्या ‘ओबीसी’ खणात बागायतदार कुणबीही बसतो, ऊस तोडणारा वंजारीही, आणि पालावर जन्मलेला भटका-विमुक्तही. मग सरासरी निघते आणि ओबीसींचं बरं चाललंय असं दिसतं. पालावर सर्व्हे येतो का? पत्ता कुठला लिहिणार?

तुमचं मॉडेल खणाच्या आत ९६ टक्के फरक दाखवतं, त्यातला किती ‘माणसामाणसांतला’ आणि किती तुम्ही खण नीट न पाडल्यामुळे आत दडलेला? राग नाही. माझी आई रक्त कमी पडून गेली. तिची जात कुठल्याच तक्त्यात वेगळी नव्हती.

रानजाई
मंगळवार, सकाळी ९:०५

दादा, तुमच्या प्रश्नाने माझा प्रबंध थांबवला, आणि तो थांबायलाच हवा होता. खणाच्या आतला फरक मी ‘वैयक्तिक’ म्हणून लिहिला होता. तो शब्द काढते. तो फॉर्ममध्ये न विचारलेल्या सगळ्याचा फरक आहे, निम्मा समाज त्यात असू शकतो.

तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

भीमाकाठ
मंगळवार, सकाळी ११:२०

पालावरून यांना पूर्ण पाठिंबा. त्यात एक भर. महाराष्ट्राच्या अहवालात धर्माच्या रकान्यात बौद्ध/नवबौद्ध वेगळे असतात, जातीच्या रकान्यात ते बहुतेक अनुसूचित जातीत येतात. जात आणि धर्म दोन्ही घेतले तर बौद्ध आणि हिंदू दलित बायकांचे खण वेगळे करता येतील. शिक्षणाचा परिणाम तिथे कसा दिसतो ते मला खरंच बघायचं आहे.

गीता सेन, अदिती अय्यर यांचं कोप्पळ जिल्ह्यातलं (कर्नाटक) कामही वाच. आजारपणात उपचार कुणाला मिळतात, यावर. वरची आणि तळाची टोकं तर अपेक्षेप्रमाणेच होती. त्यांनी मधल्यांकडे निरखून पाहिलं: गरीब पुरुष आणि त्यातल्या त्यात बऱ्या घरच्या बायका. पुरुषाला पुरुषपण उपयोगी पडतं, बाईला घरचा पैसा, आणि ते दोघे बरेच जवळ येतात. गरीब बाईकडे दोन्हीतलं काहीच नाही. हे तुझ्या १६० खणांतही दिसायला हवं, पुरुषांचा विदा घेतलास तर.

डॉ_वैनगंगा
मंगळवार, दुपारी ३:००

एक आकडा नेहमी फिरतो म्हणून आधीच सांगतो, प्रबंधात घालण्यापूर्वी विचार कर. दलित बाई उच्च जातीच्या बाईपेक्षा १४.६ वर्षं आधी मरते, हा २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा. ते मृत झालेल्यांचं सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. ज्या समाजात तरुण आणि मुलं जास्त, तिथे मृतांचं सरासरी वय तसंही कमी येतं. २०२२ साली नऊ राज्यांच्या विदावरून आयुर्मान काढलं गेलं: उच्चजातीय हिंदूंपेक्षा आदिवासींचं चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त. आणि यातला निम्म्याहून कमी भाग आर्थिक स्थितीने उलगडतो. हे पुरेसं भयंकर आहे. मोठा आकडा वापरून हरण्यापेक्षा खरा वापरून उभं राहावं.

आशाताई_धारूर
मंगळवार, रात्री ९:३०

मुलीने मला हा धागा वाचून दाखवला, तीच टाइप करतीये.

मी आशा आहे, गाव ऊसतोडीचं. तुमच्या खणांत ‘ऊसतोड’ लिहिलंय का? नाही. आमच्याकडे जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात. उचल नवऱ्याच्या हातात येते, बाईच्या नावावर काहीच नाही. एक दिवस खाडा पडला की पैसे कापतात. मग पाळीत, अंगावर जात असताना, पोटात बाळ असतानाही मोळी डोक्यावर. फडात संडास नाही, कोपीत पाणी नाही. अंगावरून जायला लागलं की दवाखान्यात सांगतात पिशवी काढून टाका. बाई म्हणते, काढा, खाडा तरी चुकेल.

नीलम गोऱ्हे ताईंच्या समितीच्या वेळी २०१९ ला बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायका मोजल्या, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सहा जणींत एक. आधी अंगावरून जाऊन जाऊन रक्त गेलेलं असतं, ते कोण मोजतं?

लाल गोळ्या मी देते. सहा महिने बाई फडावर असते, गोळ्या माझ्याकडे पडून राहतात. परत आली की चक्कर येते म्हणून सांगते. आणि सर्व्हेवाले दिवाळीनंतर आले तर निम्म्या दारांना कुलूप.

प्रा_आलेख
मंगळवार, रात्री १०:१५

ताई, तुम्ही एका प्रतिसादात सांगितलंत ते मला एका सत्रात शिकवता आलं नसतं. कुलूप लागलेलं घर विदात ‘उत्तर नाही’ म्हणूनही उरत नाही, वजनं लावून शेजारच्या घराने भरून निघतं. जी बाई गावात राहिली ती बहुधा बऱ्या परिस्थितीतली.

रानजाई, जात आणि वर्गाच्या पलीकडे इथे कामाची व्यवस्था आहे, कोयता. तो खण पाहणीतून निघणार नाही.

रानजाई
बुधवार, सकाळी ७:५०

मार्गदर्शकांना काल रात्री लिहिलं. विषय बदलत नाही. तीन गोष्टी बदलते. निष्कर्षात पहिल्या मॉडेलची एकूण विषमता आधी येईल, ग्रॅममध्ये आणि टक्क्यांत. उरलेला भाग त्यानंतर. नवबौद्धांचे खण वेगळे करते. आणि पाहणीच्या विदासोबत एक छोटा भाग स्वतः गोळा करते, ऊसतोड गावातला, विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी घेऊन. त्यात कोयता, उचल, खाडे, पाळी, पिशवी हे प्रश्न असतील. पालावरून दादा, प्रश्नावलीचा जातीचा रकाना कसा असावा ते तुम्ही पाहाल का?

आशाताई, तुमच्या गावात कधी येऊ? बायका घरी सापडतील, थकलेल्या नसतील आणि माझ्याशी बोलायला वेळ असेल, असे दिवस कोणते?

पालावरून
बुधवार, सकाळी ८:३०

पाहतो. रकाना मोकळा ठेवा, लोक जे सांगतील ते लिहा. खण नंतर पाडा.

आशाताई_धारूर
बुधवार, रात्री ८:४५

गुढीपाडव्याच्या आगेमागे टोळ्या परततात. पहिला आठवडा येऊ नका, तेव्हा मुकादमाचा हिशोब चालू असतो, घरोघरी भांडणं असतात. त्यानंतर या. दुपारी, बारा ते तीन. बाप्ये पारावर असतात तेव्हा. एचबीचं मशीन आणा, आमच्या उपकेंद्रातलं बंद आहे. राहायला माझ्याकडे या.